टेअर, धडा आणि तऱ्हा

न्हावा शेवाला ट्रेलरवर चढवलेल्या एखाद्या वीस फुटी कंटेनरच्या मागच्या दारापाशी उभं राहून बघा. वर कंटेनरचा नंबर आणि त्याखाली रंगवलेले आकडे: मॅक्स ग्रॉस ३०,४८० किलो, टेअर २,२०० किलो, नेट २८,२८० किलो. मी निर्यातीची कागदपत्रं करतो, त्यामुळे माझी नजर आधी मधल्या ओळीवर जाते. टेअर म्हणजे रिकाम्या लोखंडी पेटीचं वजन. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

हा शब्द धंद्यात आल्यावर शिकलो, पण ती गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. आई तेलाची किटली घेऊन वाण्याकडे जायची. वाणी रिकामी किटली एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात वजनं, आणि उरलेला फरक भागवायला दोन-तीन खडे. काटा मध्यावर स्थिरावला की म्हणायचा, "धडा झाला, बघून घ्या वहिनी." आईने मान डोलावल्याशिवाय तेलाचा थेंबही किटलीत पडायचा नाही. जगभरच्या बंदरांत ज्याला टेअर म्हणतात, तो आमचा धडा.

टेअर इंग्रजीत आला १५व्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंचमधून. फ्रेंच आणि इटालियन व्यापाऱ्यांचा 'तारा' हा शब्द मुळात अरबी. अरबीत 'तरह' म्हणजे फेकणं, आणि 'तर्हा' म्हणजे जे टाकून दिलं ते. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर मिऱ्याचं पोतं तोललं की त्यातून पोत्याचं वजन टाकून द्यायचं. आपणही बाजारात नेमकं असंच बोलतो, "बारदानाचं वजन टाकून द्या." आजच्या अरबी शाळेत तर वजाबाकीलाच तरह म्हणतात. आणि आपल्या 'वजाबाकी'तले वजा आणि बाकी हे दोन्ही शब्दही अरबीच. फ्रेंचांकडे या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. मालातली घट ती खोट, असं होत होत माणसातल्या खोटीलाही ते 'तार' म्हणू लागले.

अरबीतून निघालेल्या या शब्दाची दुसरी वाट इराणातून गेली. फारसीत 'तर्ह' म्हणजे पाया घालणं, आखणी, आराखडा. जमिनीवर दोरी टाकून घराची आखणी करतात, तिथून हा अर्थ वळला असावा असं मला वाटतं. आखणीवरून रीत, रीतीवरून ढब. फारसीचा हात धरून तो दख्खनमध्ये उतरला आणि मराठीत 'तऱ्हा' झाला. "काय तुझी तऱ्हा!" म्हणताना आपण जो शब्द उच्चारतो, त्याचा भाऊ कंटेनरच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत बसलेला आहे. एक भूमध्य समुद्र ओलांडून, लंडनला वळसा घालून इथे आला. दुसरा त्याच्या कितीतरी आधीपासून इथे नांदतो आहे.

धंद्याच्या शब्दांत अशी भावंडं पुष्कळ सापडतात. टॅरिफचंच घ्या. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा नावाचं गाव आहे. तिथले चाचे जहाजांकडून खंडणी उकळत, त्यावरून टॅरिफ शब्द निघाला, अशी गोष्ट अजूनही सांगितली जाते. ऐकायला झकास, पण खरी नाही. गावाचं नाव ७१० साली तिथे उतरलेल्या तारिफ इब्न मालिक या सरदारावरून पडलं. टॅरिफ आला अरबी 'तआरीफ'वरून. त्याचा अर्थ माहिती देणं, ओळख करून देणं. कुठल्या मालावर किती जकात ते कळवणारा तक्ता म्हणजे इटालियन 'तारिफ्फा', आणि तो शब्द १६व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. आपल्याकडे त्याच तआरीफची तारीफ झाली, म्हणजे ओळख करून देता देता स्तुती. मार्फत हा शब्दही याच धातूचा. आमच्या कामात माल एजंटामार्फत सुटतो आणि टॅरिफप्रमाणे शुल्क भरलं जातं. एकाच वाक्यात एका घरातले दोघे भेटतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

असाच आणखी एक शब्द जुन्या पुस्तकात सापडतो. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीचा पेगोलोत्ती नावाचा माणूस होता. १३४०च्या सुमारास त्याने व्यापाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. कुठल्या बंदरात कुठलं वजन, कुठलं माप, माल कसा विकतात, असं सगळं त्यात आहे. सुरुवातीलाच त्याने शब्दांची यादी दिली आहे, आणि जकातीच्या नाक्याला कुठे काय म्हणतात ते सांगताना 'दुआना' नोंदवला आहे. फ्रान्सच्या विमानतळावर कस्टम्सच्या पाटीवर दिसणारा 'दुआन' तोच. मूळ फारसी दिवाण, म्हणजे आपल्या दिवाणी दाव्यातला आणि दिवाणखान्यातला दिवाण. पेगोलोत्तीच्या पुस्तकानंतर थोड्याच वर्षांत, १३४७ साली, दख्खनमध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि फारसी इथल्या कचेऱ्यांची भाषा झाली. पुढे शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्याचा शेवटचा भाग पण्यवर्ग, म्हणजे बाजाराच्या शब्दांचा. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचं ते काम फार मोठ्या जिद्दीचं होतं. तरी हमाल, दलाल, जकात, बंदर हे शब्द धक्क्यावरून हलले नाहीत. तोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द बदलणं फार अवघड.

टेअरचा एक इंग्रज जोडीदार होता, त्याचं नाव ट्रेट. जुन्या इंग्रजी अंकगणितात टेअर आणि ट्रेट यांचा वेगळा धडाच असे. टेअर म्हणजे पोत्याचं वजन. ट्रेट म्हणजे धूळ, कचरा, नासधूस यांच्यापोटी दिलेली सूट, दर १०४ पौंडांमागे ४ पौंड. माल स्वच्छ असो वा नसो, चार पौंड गेलेच. ट्रेट आज शब्दकोशात उरला, पण आपल्या बाजार समित्यांच्या आवारात ज्याला कडता म्हणतात तो त्याच जातीचा. पोत्यामागे ठरलेलं वजन कापायचं. धडा डोळ्यांसमोर होतो, कडता अंदाजाने कापला जातो. सोयाबीन विकून आलेल्या माणसाला विचारा, तो दोन्हींतला फरक एका दमात सांगेल.

जहाजावर असा अंदाज जिवावर बेततो. २००७च्या जानेवारीत एमएससी नापोली हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात फुटलं आणि डेव्हनच्या किनाऱ्याला आणून टेकवावं लागलं. चौकशीत डेकवरचे साधारण ६६० कोरडे राहिलेले कंटेनर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांच्या वजनात आणि कागदावरच्या आकड्यात तीन टनांहून जास्त फरक निघाला. १ जुलै २०१६पासून भरलेल्या कंटेनरचं खातरजमा केलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्याच्या रीती दोन. भरलेला कंटेनर काट्यावर घ्या, नाहीतर आतला माल, खोकी, लाकूड, दोर असं एकेक तोलून बेरीज करा आणि तिच्यात दारावरचा टेअर मिळवा. जो आकडा शतकानुशतकं टाकून द्यायचा होता, तो इथे मिळवायचा असतो.

द्राक्षांच्या हंगामात मी नाशिककडच्या एका पॅकहाऊसमध्ये गेलो होतो. लांब टेबलं, डोक्याला टोप्या घातलेल्या मुली, प्रत्येकीपुढे इलेक्ट्रॉनिक काटा. नवी आलेली एक मुलगी प्लास्टिकचा रिकामा डबा काट्यावर ठेवायची, बटण दाबायची, आकडा शून्यावर यायचा, मग घड ठेवायची, एखादा मणी कात्रीने काढायची, पाचशे ग्रॅम जुळवायची. बटणावर टेअर लिहिलेलं. मागून फिरणाऱ्या मुकादम मावशींनी तिच्या खांद्यावरून काट्याकडे बघितलं आणि विचारलं, "धडा केलास का गं?"

"हो मावशी," ती म्हणाली, आणि तिने पुढचा रिकामा डबा काट्यावर ठेवला.