रास्पबेरी पायची वाय-फाय जोडणी

रास्पबेरी पाय या क्रेडिट कार्डाएवढ्या संगणकाला बिनतारी जाळ्याद्वारे इंटरनेटशी जोडण्याच्या प्रक्रियेस रास्पबेरी पायची वाय-फाय जोडणी म्हणतात. ब्रिटनमध्ये विकसित झालेला हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. हौशी तंत्रज्ञ व विद्यार्थी यांच्यात तो लोकप्रिय आहे.

पार्श्वभूमी

आरंभीच्या प्रतिकृतींमध्ये वाय-फाय नव्हते. त्यासाठी यूएसबी खाचेत वेगळा डोंगल लावावा लागे आणि प्रत्येक डोंगल चालेलच याची खात्री नसे. २०१६ मधील रास्पबेरी पाय ३ मध्ये वाय-फाय प्रथमच मूळ फलकावर आले. पाय ३ बी आणि झिरो डब्ल्यू केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. पाय ३ बी प्लस (२०१८) व पाय ४ (२०१९) यांना ५ गिगाहर्ट्झ पट्टाही वापरता येतो. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असल्यास जुन्या फलकाला तो दिसतच नाही. फलक बिघडला असा समज अनेकदा यामुळेच होतो.

जोडणी

पडदा व कळफलक जोडलेले असल्यास वरच्या पट्टीतील चिन्हावरून जाळे निवडून परवलीचा शब्द द्यावा लागतो. पडद्याविना वापरायचा असल्यास रास्पबेरी पाय इमेजर या प्रणालीत मेमरी कार्ड तयार करतानाच जाळ्याचे नाव, परवलीचा शब्द, देश आणि वापरकर्त्याचे नाव भरून ठेवतात.

जुनी मार्गदर्शने येथे दिशाभूल करतात. पूर्वी कार्डाच्या बूट विभागात डब्ल्यूपीए सप्लिकंटची संरचना फाइल ठेवणे पुरेसे होते. ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून हे काम नेटवर्क मॅनेजरकडे गेले असून ती फाइल आता वाचली जात नाही. ‘पाय’ हे ठरावीक वापरकर्ता नावही एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकण्यात आले.

वीजपुरवठाही महत्त्वाचा आहे. पाय ३ साठी ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा शिफारस केला जातो; मोबाइलच्या साध्या चार्जरवर व्होल्टता घटून जोडणी वारंवार तुटू शकते. कार्डावर लेखन सुरू असताना वीज गेल्यास कार्डावरील माहिती खराब होण्याचा धोका असतो.

देशसंकेत

कोणत्या वाहिन्या वापरता येतील हे प्रत्येक देशाचे नियम ठरवतात. देश निवडलेला नसल्यास नव्या फलकांवर रेडिओ बंदच ठेवला जातो. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ च्या अधिसूचनेने ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधील सवलत २०१८ मध्ये विस्तारली. भारतात १३ वी वाहिनी वापरता येते, अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच. त्यामुळे चुकून अमेरिका निवडल्यास १३ व्या वाहिनीवरील राउटर सापडत नाही. हा दोष शोधणे अवघड असते, कारण इतर सर्व जाळी व्यवस्थित दिसत असतात.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती वाय-फाय संकेत लक्षणीय क्षीण करतात; ५ गिगाहर्ट्झचा संकेत अधिकच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा व लोहारा तालुक्यांतील पुनर्वसित गावांमध्ये बांधलेल्या घरांच्या भिंती तुलनेने पातळ असल्याने तेथे हा अडथळा कमी असतो. पत्र्याचे छप्पर मात्र कोणत्याही घरात संकेत परावर्तित करते. अशा ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झ निवडणे आणि फलक धातूच्या डब्यात न ठेवणे उपयुक्त ठरते.

भारतनेट योजनेत प्रकाशतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेला जातो. पुढील अंतर बहुधा बिनतारी असते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेतील सार्वजनिक वाय-फायसाठी ॲपद्वारे ओळख पटवावी लागते. पडद्याविना चालणाऱ्या फलकाला ते सहज करता येत नाही. त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉट हाच सोयीचा पर्याय उरतो.

इंटरनेटविना वापर

रास्पबेरी पाय स्वतःच वाय-फाय केंद्र म्हणूनही चालू शकतो. किविक्स या मुक्त प्रणालीद्वारे त्यावर मराठी विकिपीडियाची प्रत ठेवल्यास इंटरनेट नसलेल्या शाळेतही जवळच्या मोबाइलवरून लेख वाचता येतात. ही प्रत आपोआप अद्ययावत होत नाही. नवी आवृत्ती कार्डावर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते.