८ एप्रिल १९४८ : राणे यांनी सुरुंगांतून रस्ता काढला

कारवारजवळच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी पहिल्या भारत-पाकिस्तान युद्धात जम्मू-काश्मीरमधील नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करायला घेतला तो याच दिवशी. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलातील त्यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान कामी आले, पाच जखमी झाले. त्यांत खुद्द राणेही होते. जखम घेऊनच ते कामाला लागले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुढ्यात पाच मोठी पाइनची झाडे आडवी पडलेली, भोवती सुरुंग पेरलेले आणि वरून मशीनगनचा मारा. साडेसहाला वाट खुली! रणगाडे पुढे सरकले ते या माणसांच्या हिमतीवर, हे विसरता कामा नये.

१९४० साली साधा शिपाई म्हणून भरती झालेल्या राणे यांना या कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळाले. युद्धवृत्तांतातही त्यांचा पाच वेळा गौरवाने उल्लेख झाला. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.