उगारलेल्या तलवारी आणि रद्दीतील इतिहास

१/७
दोन वीर तलवारी उगारून उभे आहेत. घाव पडणार, एवढ्यात निवेदक सांगतो की पुढील मजकूर उपलब्धच नाही! १६०५ साली माद्रिदमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतील हा प्रसंग. लेखक मिगेल दे सर्व्हान्तेस.

२/७
ही थट्टा तत्कालीन शौर्यकथांची. ‘प्राचीन हस्तलिखित सापडले’ असे सांगून कल्पित कथेला इतिहासाचा मुलामा देण्याचा त्यांचा परिपाठ होता. १५०८ च्या ‘आमादिस दे गाउला’च्या प्रस्तावनेत तर कॉन्स्टँटिनोपलजवळच्या दगडी थडग्यात मिळालेल्या ग्रंथाचा दाखला दिला आहे.

३/७
सर्व्हान्तेसचा निवेदक उरलेली कथा शोधतो ती तोलेदोच्या बाजारात. एक पोरगा जुन्या वह्या विकत असतो. त्या अरबीत आहेत. कर्ता म्हणून सीदे आमेते बेनेन्हेली या कल्पित अरब इतिहासकाराचे नाव आहे. समासात टीप अशी, की नायकाची प्रेयसी डुकराचे मांस खारवण्यात अव्वल! शौर्यकथांतील अलौकिक नायिकेची एका वाक्यात वासलात लागली.

४/७
परंतु भाषा अरबीच का? स्पेनमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना व त्यांच्या वंशजांना ‘मोरिस्को’ म्हणत. १५६७ च्या राजाज्ञेने ग्रॅनडाच्या मोरिस्कोंना अरबी बोलण्यास व लिहिण्यास मनाई झाली. कादंबरीत त्या वह्या वाचून दाखवणारा आणि मनुका व गहू यांच्या मोबदल्यात त्यांचे भाषांतर करणारा माणूस मोरिस्कोच आहे.

५/७
निवेदक बजावतो, अरब लेखक म्हणजे खोटारडे. तरीही स्पॅनिश वीराच्या ‘सत्य इतिहासा’साठी त्याला त्याच लेखणीचा आधार घ्यावा लागतो. हसणाऱ्या वाचकाचा पूर्वग्रह येथे अलगद उघडा पडतो.

६/७
१६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख मोरिस्को देशाबाहेर घालवले गेले. १६१५ च्या दुसऱ्या भागात रिकोते हा हद्दपार मोरिस्को यात्रेकरूच्या वेषात परततो. किहोतेचा सेवक सांचो त्याचा जुना शेजारी. तो रिकोतेबरोबर जेवतो आणि त्याचे नाव कोणाला न सांगण्याचे वचन देतो.

७/७
म्हणून मित्रहो, ‘अस्सल कागद सापडला’ असे कोणी म्हटले, की तो कोणी लिहिला, कोणी भाषांतरित केला आणि कोणाची साक्ष आपण ऐकण्याआधीच खोटी ठरवली, हे अवश्य विचारा.