किशोरवयीनांची शारीरिक सक्रियता

किशोरवयीनांची शारीरिक सक्रियता म्हणजे सुमारे १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींनी खेळ, व्यायाम, नृत्य, पायी अथवा सायकलने केलेला प्रवास आणि अंगमेहनतीची कामे यांद्वारे केलेली हालचाल होय. बालपणी सहज घडणारी ही हालचाल या वयात बहुधा कमी होत जाते. ही घट केवळ आळसाने होत नाही. वेळ, जागा, सोबत आणि समाजाची दृष्टी यांवर ती अवलंबून असते.

निकष व व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी. आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायामही असावेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या अभ्यासानुसार, ११ ते १७ वर्षे वयोगटातील सुमारे ८१ टक्के विद्यार्थी २०१६ मध्ये पुरेसे सक्रिय नव्हते. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, तर मुलग्यांमध्ये ७८ टक्के होते. भारताचे प्रमाण जागतिक सरासरीपेक्षा कमी आढळले. मुलग्यांमधील क्रिकेटची आवड आणि मुलींवरील घरकामाचा भार ही त्याची संभाव्य कारणे संशोधकांनी नोंदवली. म्हणजेच मुलींची नोंदवलेली सक्रियता नेहमीच खेळातून आलेली नसते.

अडथळे

* अभ्यासाचा ताण : नववी-दहावीत शाळा व खासगी शिकवणीत दिवस संपतो. शारीरिक शिक्षणाची तासिका अनेकदा इतर विषयांना दिली जाते.
* जागेचा अभाव : शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या निकषांत क्रीडांगणाचा समावेश आहे, परंतु दाट वस्तीत मोकळी जागा दुर्मीळ असते.
* मुलींसमोरील अडचणी : मासिक पाळीतील गैरसोय, स्वच्छतागृहांची उणीव, पोशाखावरील बंधने, शरीराविषयीचे शेरे आणि सुरक्षिततेची चिंता यांमुळे वयात येताच अनेकींचा खेळ सुटतो.
* निवडीची पद्धत : संघात निवडलेल्यांनाच सराव मिळतो, उरलेले विद्यार्थी प्रेक्षक होतात.
* बैठी करमणूक : मोबाईल व दूरचित्रवाणीमुळे रिकामा वेळ बसून जातो.

पोषक घटक

मित्रमैत्रिणींची सोबत, पालकांचे प्रोत्साहन आणि आवडीचा खेळ निवडण्याची मुभा यांमुळे सातत्य टिकते. लंगडी, खो-खो व कबड्डी यांना साहित्य जवळजवळ लागत नाही. शाळेपर्यंतचा सुरक्षित रस्ताही महत्त्वाचा ठरतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात येऊ लागले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. या योजनांचा हेतू शिक्षण टिकवणे हा असला, तरी त्यांमुळे रोजच्या हालचालीचीही सोय होते.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात तालमी, आखाडे आणि व्यायामशाळांची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे. ठरावीक स्पर्धांतील कामगिरीसाठी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सवलतीचे क्रीडागुण मिळतात. ही सवलत स्पर्धक खेळाडूंपुरती असल्याने सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शाळेतील नियमित तासिका आणि घराजवळचे मैदान हेच मुख्य आधार ठरतात.