शेगडी, कोळसा आणि बाळंतिणीची खोली

आजचा भाग आमच्या घरातल्या एका भांडणातून निघालाय.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताई बाळंतपणाला चंद्रपूरला, माहेरी आली. पोरगी झाली. उन्हाळ्यात इथे पारा 47 च्या आसपास जातो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं, चंद्रपुरात कुठली आलीय थंडी? पण जंगलाच्या कडेची डिसेंबरातली पहाट अनुभवून बघा. घरात पाईपचा गॅस नाही, सिलिंडर स्वयंपाकापुरता. मग खोली गरम कशी ठेवायची? आजीचं उत्तर तयार होतं, खाटेखाली कोळशाची शेगडी. मी नाही म्हटलं. आजी चिडली, "बिना शेगडीची बाळंतीण? हे काय बाप्पा!"

आता आजीचं बरोबर होतं की चूक, हे ठरवायला थोडं मागे जावं लागतं.

या भागात ऊब म्हणजे लाकूड. जंगल उशाशी, सरपण फुकट, फक्त मोळी डोक्यावरून आणायची, आणि ती आणायची बायकांनी. इंग्रजांच्या 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली आणि कालपर्यंत आपलं असलेलं लाकूड परवानगीचं झालं. गावाच्या गरजेपुरत्या हक्काला आपल्याकडे 'निस्तार' म्हणतात. तो शब्दसुद्धा त्या काळापासून सरकारी कागदांत अडकला. या कायद्यांविरुद्धचा राग किती होता? 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. साधं गवत! पण गवत आणि सरपण म्हणजेच तर घर.

दुसरं इंधन जमिनीखाली सापडलं. 1870 च्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाली, रेल्वे आली. ती खाण 1906 मध्ये बंद पडली, पण तोवर बल्लारपूरकडे काम सुरू झालं होतं. कोळसा शेगडीत आला. पद्धत अशी, की शेगडी आधी अंगणात पेटवायची, धूर गेला, निखारे लाल झाले, की आत आणायची. आजी हेच सांगत होती, "धूर तर नाही ना राहात!"

खरी गोम इथेच आहे. धूर गेला तरी कार्बन मोनॉक्साईड जात नाही. त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत तो साठतो आणि माणसाला झोपेतच गाठतो.

मी हे सांगत असताना आई अचानक बोलली. माझ्या जन्मानंतर, अशाच थंडीत, शेगडीपाशी झोपलेली असताना तिचं डोकं गरगरायला लागलं, उलट्या झाल्या. शेजारच्या काकूंनी दार उघडलं म्हणून आम्ही दोघं वाचलो. इतकी वर्षं सगळ्यांनी त्याला 'बाळंतिणीचा अशक्तपणा' म्हटलं होतं. आजी गप्प झाली.

पण आजीचा मूळ मुद्दा खोटा नव्हता. नवजात बाळाला ऊब हवीच. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. त्यात न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गाचे उपचार होते, तसंच बाळाला उबदार ठेवणंही होतं. पांघरूण, बाळाची झोपायची पिशवी, आईचं अंग. शेगडी लागली नाही.

मग आम्ही काय केलं? बाळाला टोपी, मोजे, दुपटी आणि ताईच्या छातीची ऊब. फटींना पडदे, पण एक झरोका उघडा. पहाटे दोन तास तेलाचा हीटर. अंघोळीचं पाणी मात्र अंगणातल्या चुलीवर, आजीच्या देखरेखीत. तिचा मान तिथे राहिला.

आता त्या हीटरची गंमत बघा. वीज कुठली? आमच्या दुर्गापूरजवळच्या औष्णिक केंद्राची, 2920 मेगावॅटची. म्हणजे कोळसाच की! फक्त चिमणी खोलीतून उचलून गावाच्या टोकाला नेली. 1999 पासून इथली वीज उच्चदाबाच्या वाहिनीने 752 किलोमीटर लांब पडघ्यालाही जाते. मुंबईकडे उजेड, इथे राख. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित ठरवलं, ते उगाच नाही.

आणि लाकूड? ताडोब्याच्या आसपास सरपणाला गेलेल्या बायांवर वाघाचे हल्ले होतात, हे आपण दर वर्षी वाचतो. 2015 च्या जन-वन विकास योजनेतून तिथल्या गावांना सवलतीत गॅस मिळाला, 2016 मध्ये उज्ज्वला आली. पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसले, की बाई परत जंगलातच जाते.

म्हणून ऊब निवडताना मी आता तीन प्रश्न विचारतो. हे इंधन आणायला कोण जातं? याचा धूर कोण खातं? आणि दार बंद केल्यावर आत काय उरतं?

भाची आता चालते. आजीची शेगडी अंगणातच आहे, आणि थंडीत आम्ही सगळे तिच्याभोवतीच बसतो. आकाशाखाली.

पुन्हा भेटू. काळजी घ्या, आणि झरोका उघडा ठेवा.