टेबलावरचे तीन माजी सैनिक

सध्या मुक्काम रायपूर, चौबे कॉलनी. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यापुढे कीबोर्ड आणि माउस. दोघांनाही वायर नाही, ब्लूटूथवर चालतात. दिसायला ही सगळी पक्की सिव्हिलियन मंडळी. पण त्यांची सर्व्हिस बुकं उघडली तर वेगळंच निघतं. कीबोर्ड बंदुकांच्या कारखान्यातून आलेला, माउसचं खानदान नौदलाच्या रडारवर ड्यूटी केलेलं, आणि ब्लूटूथ ज्या युक्तीवर चालतं तिचं एक गाजलेलं पेटंट टॉर्पेडोसाठी घेतलेलं. आजचा लेख या तिघांवर.

पहिला कीबोर्ड. अमेरिकेत मिलवॉकीच्या ख्रिस्टोफर शोल्स यांनी टाइपरायटर तयार केला, पण तो मोठ्या संख्येने बनवायला कारखाना हवा होता. १८७३ साली करार झाला तो ई. रेमिंग्टन अँड सन्स या कंपनीशी. हिचा मूळ धंदा रायफली आणि पिस्तुलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं आणि बंदुकांची मागणी घसरली होती. धातूचे बारीक सुटे भाग एकसारखे, अचूक आणि हजारोंच्या संख्येने बनवणारे कारागीर आणि यंत्रं मात्र हाताशी होती. १८७४ मध्ये टाइपरायटर बाजारात आला. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही आजची अक्षररचना त्याच यंत्रातून आली.

रेमिंग्टन हे नाव आपल्याकडच्या टायपिंग क्लासात शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. देवनागरीची 'रेमिंग्टन' रचना अजूनही कित्येक हातांत बसलेली आहे. पण ती यंत्राच्या सोयीने केलेली, भाषेच्या नाही. संगणक आल्यावर १९८०च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी एकच रचना ठरवली, ती इनस्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. इंग्रजी 'के'वर क, शिफ्ट धरून ख. 'एल'वर त, शिफ्ट धरून थ. म्हणजे आपण बाराखडी शिकलो त्याच शिस्तीने अक्षरं उभी. हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ, कुठलीही लिपी असो, त्या उच्चाराचं बटण तेच. १९९१ मध्ये हिला भारतीय मानकात जागा मिळाली. भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं.

छत्तीसगडात राहताना या गोष्टीची किंमत जास्त कळते. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून रतनपूरहून या मुलखाचा कारभार पाहत होते आणि त्यांच्याबरोबर मराठी आणि मोडी इथे आली. पुढे याच छत्तीसगडात, पेंड्र्याहून, १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं ते त्यांनीच. दोन भाषांत सहज वावरणारी ही परंपरा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आजही दिसते. इनस्क्रिप्टवर अशा माणसाला बोटं बदलावी लागत नाहीत. हिंदी अर्ज आणि मराठी पत्र एकाच सवयीने लिहून होतात. हिंदीत न लागणारा आपला ळ हवा असेल तर 'एन'चं बटण शिफ्टसकट दाबायचं, एवढंच.

दुसरा माउस. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलापुढे एक अडचण होती. रडारच्या पडद्यावर विमानांचे ठिपके दिसत, पण 'हा ठिपका धर, त्याचा माग ठेव' हे यंत्राला सांगायचं कसं? राल्फ बेंजामिन या नौदलाच्या शास्त्रज्ञाने हाताने फिरवायचा गोळा काढला. तळव्याखाली गोळा फिरवला की पडद्यावर खूण सरकते. १९४७ मध्ये पेटंट झालं, पण वस्तू गुप्त राहिली. १९५२च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाने अशाच कामासाठी गोळा वापरला. तो होता चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू.

माउस ज्याच्या नावावर आहे तो डग्लस एंगलबार्टही अमेरिकन नौदलातला रडार तंत्रज्ञ. १९४५ मध्ये फिलिपिन्समध्ये पोस्टिंग, युद्ध नुकतंच संपलेलं, हाताला काम नाही. तिथल्या रेडक्रॉसच्या वाचनालयात त्याला व्हॅनेवार बुश यांचा एक लेख मिळाला. माणसाचं ज्ञान यंत्राच्या मदतीने साठवावं आणि एका क्षणात शोधता यावं, असा त्याचा आशय. एंगलबार्टच्या डोक्यात तो लेख आणि रडारचा पडदा एकत्र बसले. पडद्यावर शत्रूचं विमान दिसू शकतं तर शब्द का दिसू नयेत? १९६४च्या सुमारास त्याचा सहकारी बिल इंग्लिश याने पहिला माउस बनवला. लाकडाची डबी, खाली काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं आणि लोकांनी माउस प्रथम पाहिला. रिकाम्या पोस्टिंगमध्ये वाचलेला एक लेख कुठवर जातो बघा. युनिटच्या वाचनालयात बसणाऱ्या जवानाला 'काम नाही का रे?' असं विचारण्याआधी हे आठवावं.

तिसरा, वायर काढून टाकणारा. हेडी लमार ही हॉलिवूडची अभिनेत्री. तिचा पहिला नवरा ऑस्ट्रियातला शस्त्रास्त्रांचा व्यापारी होता. युद्धकाळात तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलने मिळून एक युक्ती मांडली. रेडिओने चालवलेला टॉर्पेडो शत्रू त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करून भरकटवू शकतो. मग पाठवणारा आणि टॉर्पेडो दोघांनी ठरल्या क्रमाने सतत फ्रिक्वेन्सी बदलायची. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदी पट्टी असते, तशा दोन पट्ट्या दोन्हीकडे एकाच वेगाने फिरवायच्या. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ फ्रिक्वेन्सी. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळालं. नौदलाने ते कपाटात ठेवलं. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचा विचार त्याआधीही काहींनी मांडला होता आणि ब्लूटूथ थेट या पेटंटमधून निघालेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण युक्ती तीच. आपल्या सिग्नलवाल्यांना ती नवी नाही. 'हॉपिंग' सेट हाताळलेल्यांना नेट एका वेळेवर जुळवण्याची कटकट चांगलीच आठवत असेल.

१९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन आणि मंडळींनी कमी अंतराच्या रेडिओवर काम सुरू केलं. मूळ ब्लूटूथमध्ये २.४ गिगाहर्ट्झजवळच्या ७९ चॅनेलवर सेकंदाला १,६०० उड्या मारल्या जातात. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या. नाव सुचवलं इंटेलच्या जिम कार्डाकने. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ, ज्याने विखुरलेले डॅनिश लोक एका सत्तेखाली आणले. वेगवेगळी यंत्रं एकत्र आणायची म्हणून तात्पुरतं दिलेलं नाव कायमचं झालं. ते निळं चिन्ह म्हणजे हाराल्डच्या नावाची जुन्या रून लिपीतली दोन आद्याक्षरं, एकमेकांना जोडलेली.

उड्या मारण्याची गरज का, हे आमच्यासारख्या वस्तीत लगेच पटतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. आपल्याकडे २००५च्या नियमांनी तो कमी शक्तीच्या उपकरणांना खुला झाला. त्यामुळे शेजारच्या पाच घरांचे वायफाय, आपले माउस आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे एकाच गल्लीत. त्यातला मायक्रोवेव्हही रडारच्याच घराण्यातला. २००३ पासूनचं ब्लूटूथ गजबजलेले चॅनेल ओळखून ते टाळत उडी मारतं. माउस अडखळू लागला तर तो राउटरपासून थोडा दूर घ्या, सेल तपासा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आता खरा फौजी प्रश्न. जे हवेतून जातं ते ऐकू येतं. ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियात रशियन सेनेने आपले आदेश रेडिओवरून साध्या भाषेत, कोडविना पाठवले. जर्मनांनी ते ऐकले. कोणती सेना कुठे आणि किती वेगाने जाणार हे कळल्यावर टॅनेनबर्गला रशियाची दुसरी सेना घेरली गेली आणि संपली. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, संशोधकांनी दाखवलं की बाजारातले काही स्वस्त बिनवायरी कीबोर्ड दाबलेलं प्रत्येक अक्षर तसंच उघडं पाठवतात आणि ते अडीचशे फुटांवरून वाचता येतं. हे कीबोर्ड ब्लूटूथचे नव्हते, स्वतःची वेगळी यूएसबी डोंगल लावणारे होते. ब्लूटूथमध्ये मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची सोय आहे. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर सहा आकडे येतात आणि ते त्याच कीबोर्डवर टाइप करायचे असतात. ते 'पासवर्ड-काउंटरसाइन' समजा. समोरचा कीबोर्ड आपलाच, मध्ये तिसरा कुणी नाही, याची ती खात्री. तरी २०१९ मध्ये ब्लूटूथची किल्ली कमकुवत करता येण्याची त्रुटी सापडली होती, म्हणून लॅपटॉपचे अपडेट टाळू नका. सरकारी कामाच्या संगणकाला बिनवायरी काही लावायचं नाही. घरच्या लॅपटॉपवरही बँकेचं काम करताना लॅपटॉपचीच बटणं वापरावीत.

एवढ्या काळजीनंतरही मी या तिघांची शिफारस करतो, आणि तीही खास करून निवृत्त मंडळींना. लॅपटॉपवर वाकून लिहिलं की अर्ध्या तासात मान धरते. लॅपटॉप चार पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या रेषेत ठेवा, अक्षर मोठं करा, कीबोर्ड मांडीवर घ्या, खुर्चीत टेकून बसा. हात थरथरत असेल तर माउसचा वेग सेटिंगमध्ये कमी करता येतो. १९७१ला विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. वॉर डायरीत तारीख, ठिकाण आणि हताहतांचा आकडा राहतो. त्या रात्री लंगरमधून काय आलं, शेजारच्या खंदकातला कोण काय बोलला, पत्र कुणाचं यायचं राहिलं होतं, हे त्यात नसतं. ते फक्त तुमच्याकडे आहे. इनस्क्रिप्टची अक्षरं पंधरा दिवसांत बोटांना कळतात. रोज दहा ओळी लिहा. तारीख नक्की आठवत नसेल तर ऋतू लिहा, गावाचं नाव लिहा, सोबत्याचं नाव मात्र नक्की लिहा.