वॉनाक्राय : 59 दिवस हाताशी होते

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

14 मार्च 2017 : वॉनाक्राय हल्ल्याच्या 59 दिवस आधी
विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये सापडलेले एक भगदाड बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मोफत दिला. ज्यांचे अपडेट चालू होते, त्यांना वेगळे काही करावे लागले नाही. क्रॅक केलेल्या विंडोजची गोष्ट निराळी. ती टाकून देणारा जाताना बजावतो, ‘अपडेट बंदच ठेवा, नाहीतर जेन्युइन नाही म्हणून मेसेज येईल.’ त्यामुळे पॅच फुकट असूनही अशा अनेक संगणकांपर्यंत पोहोचला नाही. बीएसए या सॉफ्टवेअर उद्योगसंघटनेच्या पाहणीनुसार 2015 मध्ये चीनमधले 70, रशियातले 64 आणि भारतातले 58 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते.

14 एप्रिल : 28 दिवस आधी
‘शॅडो ब्रोकर्स’ टोळीने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची हॅकिंगची हत्यारे इंटरनेटवर उघडी टाकली. त्यातले ‘इटर्नलब्लू’ नेमके त्याच भगदाडातून आत शिरणारे होते.

12 मे, शुक्रवार, दुपारी 1.15 च्या सुमारास
वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या संसर्गाच्या पहिल्या नोंदी. कुणी फसवी ईमेल उघडण्याचीही गरज नव्हती. नेटवर्कवरचा एक संगणक बाधला की व्हायरस स्वतःच पुढचा शोधत होता. फायली कुलूपबंद आणि पडद्यावर लाल चौकट : 300 डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांनी 600, सात दिवसांनी फायली विसरा.

दुपार ते संध्याकाळ
स्पेनच्या टेलिफोनिकाने कर्मचाऱ्यांना संगणक बंद करायला लावले. रशियाच्या गृहखात्याचे सुमारे हजार संगणक बाधले.

रात्री 8.30
इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ‘गंभीर घटना’ जाहीर केली. 236 पैकी किमान 81 रुग्णालय-ट्रस्टना झळ बसली. पुढच्या काही दिवसांत अंदाजे 19,000 अपॉइंटमेंट रद्द झाल्या. इथला प्रश्न चोरीच्या विंडोजचा नव्हता, पॅच न लावण्याचा होता.

रात्री 8.33
व्हायरस एका विचित्र नावाचा वेबपत्ता शोधतो आणि तो सापडला नाही तरच पुढे सरकतो. इंग्लंडमधल्या 22 वर्षांच्या मार्कस हचिन्सने तो पत्ता अवघ्या 10.69 डॉलरना आपल्या नावावर नोंदवला. प्रसार ओसरू लागला.

13 ते 15 मे
2014 मध्येच निरोप दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने पॅच काढला. चीनमध्ये विद्यापीठांपासून पेट्रोलपंपांच्या ऑनलाइन पेमेंटपर्यंत फटका बसला. भारतात आंध्र प्रदेश पोलीस आणि पश्चिम बंगालच्या वीज कंपनीचे संगणक बाधले. जगभरात 150 देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक.

निष्कर्ष
परवाना असूनही पॅच लावला नाही, तो हलगर्जीपणा. क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये मात्र हा हलगर्जीपणा पहिल्या दिवसापासून ठरवून केलेला असतो. शिवाय क्रॅक चालवण्यासाठी बहुतेकदा अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि अनोळखी माणसाच्या प्रोग्रॅमला संगणकाचे सगळे अधिकार द्यावे लागतात. त्याने सोबत आणखी काय आणले, ते कळायला मार्ग नसतो.

आजच सेटिंगमध्ये जाऊन अपडेट चालू आहे का ते पाहा. परवाना परवडत नसेल, तर उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स मोफत आणि कायदेशीर मिळते. आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा.